थोरलीची पूजा

आयुधपूजेच्या सकाळी दावणगेऱ्याच्या त्या छोट्या छापखान्यातली कात्रीसुद्धा घासूनपुसून लख्ख झाली, तेव्हा सुमनाने कॉम्प्युटर आतूनही साफ करायचं ठरवलं. दुसऱ्या हार्ड डिस्कवर अप्पांची जुनी सिस्टिम जागा अडवून बसली होती. यंत्र सुरू केलं की पडद्यावर दोन नावं यायची. ती अप्पांनीच दिली होती : जुनी ती थोरली आणि रोजच्या कामाची नवी ती धाकटी. अर्धं मिनिट कुणी काही निवडलं नाही, की धाकटी आपली आपण उघडायची.

अप्पा वैशाखात गेले. त्यांच्या फायली सुमनाने केव्हाच उतरवून घेतल्या होत्या. वर्ष पुरं होईपर्यंत घरात सण करायचे नव्हते, पण अम्माने पूजा सोडली नव्हती. "सुतक आपल्याला. यंत्रांना कसलं?"

सुमनाने थोरली पुसून टाकली आणि यंत्र पुन्हा चालू केलं. पडदा काळा. सुरू करण्याजोगं काही सापडत नाही, असं त्यावर आलं.

घोटाळा तिच्या लगेच ध्यानात आला. अप्पांनी धाकटी बसवली तेव्हा थोरली जागची हलवली नव्हती, त्यामुळे धाकटीला उठवायचं काम थोरलीच्याच डिस्कवर राहिलं होतं. धाकटी ठणठणीत होती, फक्त तिला हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं.

यावर इलाज होता. सुमना कपाटातून दुरुस्तीचा पेनड्राइव्ह शोधून आणेपर्यंत अम्मा तबक घेऊन आली. मागोमाग कागद कापणारा शेखरप्पा कोहळा घेऊन आला.

"पडदा काळा का गं?"

"होतंय, अम्मा."

अम्मा रिकामी बसणारी नव्हती. तिने कॉम्प्युटरच्या डब्याला गंध लावलं आणि जिथे भोक दिसलं तिथे शेवंती खोचली. पेनड्राइव्ह लावायची जागाही त्यातच गेली. सुमना तिथली शेवंती काढून टेबलावर टाकून आगकाडीने आत गेलेलं ओलं गंध कोरून काढू लागली. दृष्ट लागली आहे, कोहळा आधीच फोडू या, असं शेखरप्पाचं मत पडलं. फोडीन तर इथेच आत, कॉम्प्युटरसमोर, अशी धमकीही त्याने दिली. सुमनाने त्याला उंबऱ्याबाहेर उभं केलं.

अखेर पेनड्राइव्ह बसला. तिने चार आज्ञा लिहिल्या आणि धाकटी तडक उघडली. विचारणं नाही, वाट बघणं नाही. सुमना खुर्चीत ऐटीत रेलली.

अम्माने आरती उचलली आणि हात तसाच धरला. "थोरली कुठाय? तुझे अप्पा पडदा नावांवर थांबवून दोघींना ओवाळायचे."

सुमना पुन्हा कीबोर्डकडे वळली. मग म्हणाली, "थांब जरा."

तिने आणखी दोन ओळी लिहिल्या आणि यंत्र पुन्हा सुरू केलं. पडद्यावर दोन नावं आली, थोरली वर, धाकटी खाली. अम्माने सावकाश ओवाळलं.

"वरचं दाबलं तर काय होतं?" शेखरप्पाने दारातून विचारलं.

"दाबायचं नाही," सुमना म्हणाली.

अर्धं मिनिट झालं. धाकटी आपली आपण उघडली. अम्माने तबक खाली ठेवलं.

"आत काही नाही ना तिच्या?"

सुमनाने होकारार्थी मान हलवली.

"असू दे. नाव वर आहे." अम्माने टेबलावर पडलेली शेवंती उचलून तिच्या हातात दिली. "ही काढलीस तिथेच परत खोच."