गुणाबाई बऱ्या झाल्याची नोंद

डोळखांबच्या पुढे, डोंगराच्या कुशीतल्या एका पाड्यावर राहणाऱ्या गुणाबाईंच्या अंगाची शासनदरबारी दखल घेतली गेली तेव्हा त्या अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. अंग, म्हणजे गर्भाशय, मात्र त्याआधी नऊ वर्षांपासून बाहेर येत होते. एवढ्या काळात त्यांनी ते कोणाला सांगितले नाही, कारण कोणी विचारले नाही. आणि कोणी विचारले नाही, कारण त्यांनी सांगितले नाही. ही कार्यपद्धती उभयपक्षी सोयीची होती. भातलावणीला चिखलात वाकल्या की अंग खाली सरके. मग बांधाआड जाऊन त्या ते हाताने आत सारत आणि पुन्हा लावणीला लागत. मागे राहिलेली ओळ भरून काढायला त्यांना इतरांपेक्षा भरभर हात चालवावा लागे, म्हणून कामाला चपळ अशी त्यांची ख्याती होती.

ही व्यवस्था मोडली ती आशाताई माधुरीने. 'माता सन्मान अभियान' सुरू झाले होते आणि प्रत्येक पाड्यामागे असा त्रास असलेली एक बाई शोधण्याचे उद्दिष्ट तिला मिळाले होते. तिने गुणाबाईंना चुलीपाशी गाठून हळूच विचारले, "मावशी, खाली काय जड जड वाटतं का?"

गुणाबाईंनी तिच्याकडे बराच वेळ पाहिले आणि कळवळून म्हणाल्या, "अगो बाय माझे, तुझं पण येतं का?"

शहापूरच्या एका रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरीणबाई कामाची होती. तिने गर्भाची पिशवी काढली, सैल पडलेले स्नायू आतून टाके घालून जागच्या जागी बसवले, चौथ्या दिवशी लघवीची नळी काढली आणि पाचव्या दिवशी हातात कार्ड देऊन बजावले, "तीन महिने वजन उचलायचं नाही. उकिडवं बसायचं नाही. कुंथायचं नाही. टाके तुटले तर पुन्हा पहिल्यापासून."

कार्ड घरी आले आणि 'वजन' या शब्दाचा अर्थ लावण्यासाठी घराची बैठक बसली. गुणाबाईंचे यजमान नवसू यांनी अध्यक्षस्थान घेतले, कारण खाट त्यांचीच होती. लाकडाचा भारा हे वजन आहे, यावर एकमत झाले. हंड्यावर मात्र चर्चा अडली.

"हंड्यात पाणी असतं," नवसू म्हणाले. "पाणी काय वजन नाय. पाणी गरज हाय."

"मग तुमी आणा ती गरज," गुणाबाई खाटेच्या कोपऱ्यावरून म्हणाल्या.

"मी? बापे कुठं पाणी भरतात काय?"

सून रोशनीने पाणी भरायचे, असे ठरले. रोशनीला दुसऱ्यांदा दिवस गेलेले होते, पण कार्डावर तिचे नाव नसल्याने तिला अडचण नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुणाबाईंची लघवी अडकली. दुपारपर्यंत ओटीपोट टरबुजासारखे ताठ झाले. त्या भिंतीला धरून उभ्या राहत, पुन्हा बसत, देवाचे नाव घेत, थेंब येईना. माधुरी धावत आली आणि तिने नियमाप्रमाणे आधी मोबाइल उघडला. शस्त्रक्रियेनंतरच्या प्रकृतीसाठी त्यात तीन पर्याय होते : 'रुग्ण बरी', 'रुग्ण मयत' आणि 'रुग्ण स्थलांतरित'.

"अडकली असं कुठंच नाय यात," ती घाबरून म्हणाली. "आणि मावशी, तुमची नोंद कालच बंद झालीय. पाचव्या दिवशी आपोआप 'बरी' पडतं."

"आपोआप पडतं?" गुणाबाई दात आवळून म्हणाल्या. "मग माझीच का नाय पडत आपोआप?"

जीप मिळाली. पाड्यापासून शहापूरपर्यंतच्या रस्त्याची सुधारणा कागदावर पूर्ण झालेली असल्याने खड्डे अनधिकृत होते. प्रत्येक अनधिकृत खड्ड्याला गुणाबाई "आयो" म्हणत आणि नवसू "झालं, आलंच" म्हणत. तासाभराने नवसूही "आयो" म्हणू लागले.

रुग्णालयाच्या खिडकीवरच्या बाबूने आधार क्रमांक टाकला आणि त्याचा चेहरा उजळला.

"अभिनंदन. तुम्ही बऱ्या आहात."

"तिला लघवी होत नाय," माधुरी म्हणाली.

"होत नसेल. पण बऱ्या पेशंटला केसपेपर निघत नाही. तीस दिवस नाव लॉक असतं."

"मग शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत म्हणून घ्या."

"शस्त्रक्रिया यशस्वी आहे ना? यशस्वी शस्त्रक्रियेला गुंतागुंत नसते. असती तर ती यशस्वी झाली नसती." बाबू मनाने वाईट नव्हता. गुणाबाईंचा घामेजलेला चेहरा पाहून त्याने आणखी दोन-तीन ठिकाणी टिचकी मारून पाहिली. "बरी नसल्याचा दाखला आणा, नोंद उघडतो."

"दाखला कोण देणार?"

"डॉक्टर."

"मग डॉक्टरला भेटू द्या."

"केसपेपर दाखवा."

मग बाबूलाच वाट सापडली. 'लघवी तुंबणे' अशी स्वतंत्र तक्रार यंत्रात होती, पण ती 'पुरुष, वय पन्नासच्या पुढे' या सदरात. बाबूची नजर नवसूंवर स्थिरावली. नवसूंचे वय त्रेसष्ट होते, आधार खिशात होते आणि ते कशानेही बरे झालेले नव्हते. दोन मिनिटांत केसपेपर निघाला : नवसू, पुरुष, लघवी तुंबणे, तातडीचे.

पुढचे काम यंत्रणेने विलक्षण तत्परतेने केले. दोन कक्षसेवक आले आणि त्यांनी नवसूंना दोन्ही बाजूंनी धरून आत नेले. "अरे मला नाय, तिला, तिला!" असे नवसू ओरडत होते. तुंबलेला माणूस कधीकधी बरळतो, असा कक्षसेवकांचा अनुभव होता. धोतराला हात पडला तेव्हा नवसूंनी जी बोंब मारली, तिने डॉक्टरीणबाई धावत बाहेर आली. तिने एका दृष्टिक्षेपात सगळे ओळखले, गुणाबाईंना आत घेतले आणि नळी घातली.

नळीतून जे वाहू लागले ते पाहून परिचारिकेने भांडे बदलले. गुणाबाईंच्या डोळ्यांतून पाणी आले. नऊ वर्षांत त्यांना असे हलके वाटले नव्हते.

"सुजेमुळे होतं असं कधीकधी," डॉक्टरीणबाई म्हणाली. "मूत्राशयाला जरा विश्रांती हवी. नळी दहा दिवस राहू दे. पिशवी कमरेच्या खाली ठेवायची. आणि मावशी, वजन नाही म्हणजे नाही."

ही नळी नवसूंच्या नावावर मंजूर झाली. आजही शासनदप्तरी ती त्यांनाच लावलेली आहे.

शस्त्रक्रियेनंतर आठव्या दिवशी पाड्यावर पांढरी गाडी आली. तीतून अभियानाचे समन्वयक ज्ञानेश्वर साहेब उतरले. त्यांच्या हातात पुष्पगुच्छ होता. तालुक्यातल्या सर्व शस्त्रक्रियांत गुणाबाई सर्वांत लवकर, म्हणजे पाचव्या दिवशी सकाळीच बऱ्या झाल्या होत्या. त्यामुळे मुरबाडच्या सभागृहातल्या यशपूर्ती सोहळ्यासाठी त्यांची आदर्श लाभार्थी म्हणून निवड झाली होती.

"साहेब, मला नळी हाय," गुणाबाई म्हणाल्या.

साहेबांनी मोबाइल पाहिला. "इथे तर नळी यजमानांना दिसतेय. ते आले नाहीत तरी चालेल."

गुणाबाई गेल्या. त्यांनी ठेवणीतले लुगडे नेसले, लघवीची पिशवी बाजारच्या कापडी पिशवीत घातली आणि ती हातात धरून माधुरीसोबत मुरबाडला उतरल्या. सभागृह शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांतल्या बायकांनी भरले होते. व्यासपीठाच्या पायरीशी पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्याचा हंडा ठेवला होता. आदर्श लाभार्थीने तो डोईवर घेऊन प्रमुख पाहुण्यांना सामोरे जायचे, म्हणजे शस्त्रक्रियेचे यश छायाचित्रात स्पष्ट येईल, अशी योजना होती. आदल्या दिवशीच्या रंगीत तालमीत हंडा रिकामा होता, पण छायाचित्रात तो रिकामा वाटला, म्हणून भरण्यात आला.

"मी नाय उचलणार," गुणाबाई म्हणाल्या.

"मावशी, फक्त दोन मिनिटं!"

"साहेब, मी आख्खा जन्म दोन-दोन मिनिटंच उचलला."

बँड वाजू लागला होता, पाहुण्यांची गाडी फाटकात आली होती. "यात आहे काय एवढं?" असे म्हणत साहेबांनी स्वतःच वाकून हंडा उचलला. तो गुडघ्यापर्यंत आला. मग त्यांच्या कमरेत काहीतरी कट्कन वाजले, आणि साहेब त्याच कोनात राहिले. पाहुणे गाडीतून उतरून आत आले, तर समोर एक अधिकारी हंडा धरून कमरेत वाकलेला. एवढा नम्र कर्मचारी त्यांनी कारकिर्दीत पाहिला नव्हता. त्यांनी त्याच्या पाठीवर शाबासकीची थाप मारली. साहेबांच्या तोंडून निघालेला आवाज बँडमध्ये विरला.

व्यासपीठावर छायाचित्राची वेळ आली. गुणाबाईंच्या हातातली कापडी पिशवी पाहुण्यांना खटकली. "द्या इकडे ती, आई," असे म्हणून त्यांनी मोठ्या मनाने ती स्वतःच्या हातात घेतली आणि ते छायाचित्रकाराकडे निघाले. तशा गुणाबाईही निघाल्या. पाहुणे डावीकडे सरकले, गुणाबाई डावीकडे. पाहुणे थांबले, गुणाबाई थांबल्या.

"फार माया आहे तुमची," पाहुणे भारावून म्हणाले.

"माया नाय, नळी हाय," गुणाबाई कुजबुजल्या. "जपून. आणि वर नका धरू, उलटं येईल."

पाहुण्यांनी पिशवी चाचपून पाहिली. ती कोमट होती. ते लोकनेते असल्याने त्यांच्या चेहऱ्यावरचे हसू तसेच राहिले. फक्त हात शरीरापासून लांब गेला.

मग दोन शब्द बोलण्यासाठी गुणाबाईंना माइक देण्यात आला. माधुरीने त्यांच्याकडून आभाराची चार वाक्ये पाठ करून घेतली होती. पहिलेच वाक्य आठवेना. समोर शेकडो बायका होत्या; हातांना विळ्याचे, कोयत्याचे घट्टे पडलेल्या. गुणाबाईंना त्या सगळ्या ओळखीच्या वाटल्या.

"माझं अंग बाहेर येत व्हतं," त्या म्हणाल्या. "नव वर्षां."

सभागृहातले पुरुष एकदम छताचे निरीक्षण करू लागले.

"आणखी कोणाचं येतं? हात वर करा गो. लाजू नका, इथं सगळ्या आपल्याच."

आधी बायकांनी पदर सारखे केले. मग शेवटच्या रांगेत गिरजा नावाच्या एका म्हातारीने पदराआडून बोट वर केले. तिच्या शेजारणीने तिच्याकडे पाहिले आणि आपला हात वर केला. मग इकडे एक, तिकडे दोन, एकदम पाच. माधुरी मोजत गेली. एकेचाळीसनंतर हात एकमेकांआड गेले आणि ती मोजायची थांबली. समोर एवढे हात वर झालेले पाहून प्रमुख पाहुण्यांनीही सवयीने हात वर केला.

दुसऱ्या दिवशी अहवाल प्रसिद्ध झाला. 'उपस्थित महिलांनी हात उंचावून अभियानाला उत्स्फूर्त पाठिंबा दर्शवला,' असे त्यात होते. अभियानाचे उद्दिष्ट तालुक्यात पूर्ण झालेले असल्याने ते बंद करण्यात आले.

ज्ञानेश्वर साहेबांना कमरेच्या उसणीसाठी सहा आठवड्यांची विश्रांती त्याच संध्याकाळी मंजूर झाली. पाचव्या दिवशी त्यांची नोंद आपोआप 'बरे' अशी पडली नाही. त्यांच्यासाठी वेगळा फॉर्म आहे.

गुणाबाईंची नळी दहाव्या दिवशी निघाली. या खेपेला सगळे सुरळीत झाले. एका टाक्यातून थोडे पाणी येत होते, तेही गोळ्यांनी थांबले. पाणी भरताना रोशनी एकदा चक्कर येऊन पडली, तेव्हा गुणाबाई खाटेवरून उठल्या आणि काही न बोलता नवसूंच्या पायाशी हंडा ठेवून परत बसल्या. नवसूंनी हंड्याकडे पाहिले, सुनेकडे पाहिले, मग डोक्याला टॉवेल गुंडाळून ते निघाले. विहिरीच्या वाटेवर बसलेले पुरुष हसले. नवसू म्हणाले, "हसा. सरकारी कागदावर मला नळी हाय. मी कोणाला भीत नाय." तीन दिवसांनी ते घरी येऊन म्हणाले, "गो, लय जड असतो हा." गुणाबाईंनी मान हलवली. चाळीस वर्षांच्या संसारातला हा त्यांचा पहिला वैद्यकीय संवाद होता.

तीन महिने पुरे झाल्यावर ज्ञानेश्वर साहेब समाधानपत्रकावर अंगठा घ्यायला आले. कमरेला पट्टा होता. खाटेवर बसताना त्यांना त्रास झाला, हे गुणाबाईंनी पाहिले आणि पाठीला उशी दिली. अंगठा झाला. त्या एकेचाळीस बायांचे पुढे काय, असे गुणाबाईंनी विचारले. पुढचे अभियान आले की बघू, असे साहेब म्हणाले.

"साहेब, तुमची आई हाय?"

"आहे की. आटगावला असते."

"तिला कधी विचारलंत?"

साहेबांचा चेहरा लाल झाला. "छे! आमच्याकडे असलं काही नाही."

"आमच्याकडं पण नव्हतं," गुणाबाई म्हणाल्या.

गाडीत बसल्यावर साहेबांनी जरा वेळ मोबाइल हातात धरला आणि मग आईला फोन लावला. नेमके काय विचारायचे ते सुचेना, म्हणून त्यांनी विचारले, "कशी आहेस?"

पलीकडे बादली खाली ठेवल्याचा आवाज आला. मग थोडी धाप लागलेला आवाज म्हणाला, "मला काय झालंय? तू जेवलास का?"

साहेबांना हायसे वाटले. आपल्यालाही दर वेळी वाटतेच.