आत्याचं पाण्यातलं वजन

"माणूस एकदा पाण्यात बुडवला, की चरबी लपूच शकत नाही!" असं भाचा छाती फुगवून सांगायचा. लठ्ठपणावर संशोधन करणारा हा गडी स्वतः मात्र काडीपैलवान होता.

तेव्हा प्रयोगशाळेत एक खोल टाकी होती. तिच्यात साखळीने टांगलेली खुर्ची आणि वर वजनाचा काटा. खुर्चीत बसायचं, छातीतली सगळी हवा सोडायची, डोकं पाण्याखाली घालायचं आणि गप्प राहायचं. हाडं-मांस बुडतं, चरबी तरंगते. छातीत हवा राहिली, तर तीही चरबीच्याच खात्यात जाते!

दुसऱ्याच दिवशी टाकी भंगारात निघणार होती, आणि भाच्याच्या प्रबंधाला साठी उलटलेली एक बाई कमी पडत होती. ठरलेल्या बाईंना ऐन वेळी सर्दी झाली. आकडा मिळाला नाही, तर आणखी एक वर्ष पाण्यात! भाच्याने आत्याला आणून बसवलं.

आत्या पट्टीची पोहणारी. प्रश्न फक्त गप्प राहण्याचा होता.

"अरे, पाणी कोमट आहे की रे! आधी बोलला असतास, तर केसच धुवून घेतले असते."

"आत्या, हवा सोड आणि खाली जा."

ती गेली आणि लगेच वर आली. "हे तुझे सर जेवतात की नाही?"

सर म्हणजे भाच्याचे मार्गदर्शक. त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी मुकाट्याने हिशेब केला. आत्याच्या अंगात चरबी निघाली एकशे चार टक्के!

"वरची चार कुणाची?" आत्याने विचारलं.

मग भाच्याला युक्ती सुचली. हिला बोलूच द्यायचं! बोलता बोलता श्वास संपला, की तशीच खाली.

आत्या खुलली. "तुझ्या बापाला मी लहानपणी धान्याच्या दुकानात मोठ्या तागडीत बसवलं. दुकानदार घोरतोय. दुसऱ्या पारड्यात मी वजनं टाकतेय, टाकतेय, आणि दादा आपला वर वर चाललाय, माझ्याकडे बघून हसतोय, आणि तेवढ्यात दुकानदाराने एक डोळा उघडला आणि..."

श्वास संपला. आत्या बुडाली. एक बुडबुडा नाही!

ती वर आली. "मिळाला का आकडा?"

भाच्याने सरांकडे पाहिलं. सरांनी भाच्याकडे पाहिलं. काट्याकडे कुणीच पाहिलं नव्हतं!

"मग?" सर पुढे सरकले. "दुकानदाराने काय केलं?"

"सांगते. पण पहिल्यापासून. मधूनच सांगण्यात काय मजा?"

भाच्याचा तोल गेला. "आत्या, पुरे! शंभरदा ऐकलीये ती गोष्ट!"

हे साफ खोटं होतं. वडील जेवताना तीच गोष्ट सुरू करायचे, आणि तागडी वर जायच्या आत भाचा पुस्तक घेऊन आतल्या खोलीत पसार व्हायचा. आता वडील नव्हते.

 आत्याने एक लांब सुस्कारा सोडला. होती नव्हती ती सगळी हवा गेली, आणि ती खाली जाऊन बसली. काटा असा स्थिर, की भिंतीवर रंगवलेला वाटावा.

प्रबंध मान्य झाला. आत्या मात्र तेव्हापासून भाच्याशी "हं"च्या पुढे गेली नाही.

आज टाकीच्या जागी अंड्यासारखं यंत्र आहे. कोरडं माप, झटपट काम. भाच्याच्या नावामागे डॉक्टर लागलंय आणि पुढे पोट सुटलंय. फरशीवर टाकीचा गोल डाग अजून दिसतो. भाचा कधी कधी त्यावर उगाच उभा राहतो.

परवा तो निवृत्त सरांना भेटायला गेला. सर फोनवर होते आणि चक्क डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते!

"तुझी आत्या," फोन ठेवत ते म्हणाले. "दर रविवारी करते."

भाच्याने खुर्ची पुढे ओढली. "सर, मग त्या दुकानदाराने केलं तरी काय?"

सरांचा चेहरा क्षणात पूर्वीसारखा झाला. "संशोधनात सहभागी झालेल्या व्यक्तीची माहिती बाहेर सांगता येत नाही," ते म्हणाले. "नातेवाइकांना तर मुळीच नाही."