वासाला स्टँडर्ड नाही

अर्धवट बांधलेला टाय गळ्यात घेऊन दिगंबर कर्णिक जिना उतरला तो नाक वर करूनच. घरभर तळणाचा खमंग वास सुटला होता. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली होती आणि कामाच्या दिवशी सकाळी सुलेखानं काही तळल्याचं त्याला आठवत नव्हतं.

"भजी?" त्यानं मोठ्या आशेनं विचारलं.

शेगडी थंड होती. टेबलावर कॉर्नफ्लेक्सचा खोका उभा होता. गराजच्या दारातून सुलेखा हात पुसत आत आली.

"भजी कुठली? गाडी स्टार्ट करून बघितली."

दिगंबरनं गराजमध्ये डोकावलं. आत एक जुनी, लांबलचक डिझेल स्टेशन वॅगन उभी होती आणि भिंतीलगत पाच पिंपं. प्रत्येक पिंपावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'पाम'.

"हे आपल्या घरी का आलंय?"

"लॅबमध्ये जागा नाही म्हणून. आणि मॅनेजर प्रोजेक्ट कॅन्सल करायला निघाला होता म्हणून. मी त्याला म्हटलं, गाडी मी घरी नेते, ड्राइव्ह मी करते. तुम्ही नुसते गप्प बसा."

सुलेखा ह्यूस्टनच्या एका छोट्या लॅबमध्ये इंधनाच्या चाचण्या करायची. विषुववृत्ताजवळच्या एका लहानशा देशाचं काम तिच्याकडे आलं होतं. त्या देशात पामची झाडं मुबलक, डिझेल मात्र सगळं बाहेरून आणायचं. तेव्हा पामतेलाचं डिझेल करायचं, त्याचा देशी उद्योग उभारायचा, असं तिथल्या सरकारनं ठरवलं होतं. पण इंधन विकायचं तर आधी त्याचं स्टँडर्ड हवं. ते किती पातळ असावं, किती शुद्ध असावं, आणि दहा हजार मैलांनंतर इंजिनाच्या पोटात काय दिसतं, हे कोणीतरी मोजून सांगायला हवं. सप्टेंबरअखेर हे आकडे मिळाले नाहीत, तर तिथली कमिटी अमेरिकन डिझेलचंच स्टँडर्ड उचलून लावणार होती. पामचं डिझेल अंमळ दाट असतं. त्या स्टँडर्डात ते पहिल्याच फटक्यात नापास झालं असतं आणि उद्योग जन्माआधीच आटोपला असता.

त्यात साल होतं शहाऐंशी. खनिज तेलाचे भाव असे कोसळले होते की अर्धं ह्यूस्टन नोकरी जाण्याच्या धास्तीत होतं. अशा वेळी पामच्या डिझेलचं नाव काढणारा माणूस वेडा ठरत होता. दिगंबर स्वतः एका तेल कंपनीत इंजिनियर होता.

"सुलेखा, अगं आमच्याकडे रोज कोणाला तरी काढतायत. आणि माझी बायको दुसऱ्याच तेलावर गाडी फिरवते म्हटल्यावर…"

"तुमच्या कंपनीला माझ्या पाच पिंपांची भीती वाटत असेल, तर कंपनीचं काही खरं नाही," सुलेखा म्हणाली आणि तिनं त्याच्यासमोर कॉर्नफ्लेक्सचा बाऊल सरकवला.

ती रोज ऑफिसला जाता-येता आणि संध्याकाळी पुन्हा, शुगर लँडमधल्या घरापासून थेट गॅल्व्हस्टनच्या किनाऱ्यापर्यंत गाडी दामटू लागली. इंजिन उत्तम चालत होतं. अडचण एकच होती. गाडीच्या धुराला अस्सल तळणाचा वास यायचा. ती रस्त्यावरून गेली की मागे दोन-तीन कुत्री धावायची आणि लॉनला पाणी घालणारी माणसं पाइप हातात धरून उगाच घराकडे बघायची.

दुसऱ्या आठवड्यात मिस्टर प्रूइट दारात आले. कॉलनीच्या होमओनर्स असोसिएशनचे ते अध्यक्ष. कोणाच्या लॉनचं गवत किती वाढलंय हे ते चालत्या गाडीतून सांगत.

"मॅम, तुम्ही घरात रेस्टॉरंट चालवता अशी कंप्लेंट आहे."

"रेस्टॉरंट नाही. गाडी आहे."

"गाडीतून रेस्टॉरंट चालवता?"

सुलेखानं त्यांना गराजमध्ये नेऊन गाडी सुरू करून दाखवली. प्रूइट सायलेन्सरपाशी वाकले, त्यांनी डोळे मिटून श्वास घेतला आणि मग त्यांची नजर पिंपांवर गेली.

"पाच पिंपं कुकिंग ऑइल! घरगुती वापरासाठी?"

"ते कुकिंग ऑइल नाही. त्याच्यावर मिथेनॉलची प्रक्रिया करून, ग्लिसरीन काढून…"

"रेसिपी नकोय मला, मॅम. घराच्या हद्दीबाहेर अन्न शिजवल्याचा वास जाता कामा नये. नियम आहे."

एवढ्यावर भागलं असतं, पण बातमी मराठी मंडळात पोचली. मंडळाचे सेक्रेटरी शैलेंद्र गुप्ते यांचा फोन आला.

"वहिनी, गणपतीला दीडशे बटाटेवडे द्याल का? ऐकलं की तुम्ही केटरिंग सुरू केलंय."

"अहो, मी काही सुरू केलेलं नाही! गाडीला वास येतो."

शैलेंद्रनं आवाज खाली आणला. "समजलं वहिनी. परमिटचा लोचा असणार. मी कोणाला बोलत नाही."

तो कोणाला बोलला नाही याचा पुरावा शनिवारी संध्याकाळी मिळाला. कर्णिकांच्या दारासमोर नऊ गाड्या लागल्या. कोणाला वडे हवे होते, कोणाला साबुदाणावडे, आणि एका डॉक्टरांना फक्त चव बघायची होती. सुलेखा प्रत्येकाला डिझेलची गोष्ट सांगत होती आणि प्रत्येकजण डोळा मिचकावून "बरं, मग कधी येऊ?" असं विचारत होता. दिगंबर सगळ्यांना चहा देत सुटला, त्यामुळे तर धंदा जोरात चालल्यासारखंच दिसू लागलं. समोरच्या फुटपाथवर उभे राहून प्रूइट गाड्यांचे फोटो काढत होते.

सोमवारी आरोग्य खात्याचा इन्स्पेक्टर आला. भला माणूस होता. त्यानं स्वयंपाकघर पाहिलं, फ्रिजमधली कालची आमटी पाहिली, आणि इथे रेस्टॉरंट असेल तर ते फार गरीब आहे असं सांगून निघून गेला. पण प्रूइट हटले नाहीत. त्यांनी नोटीस बजावली: असोसिएशनच्या सुनावणीत निकाल लागेपर्यंत ही गाडी कॉलनीच्या हद्दीत सुरू करायची नाही.

"संपलं," दिगंबर म्हणाला. "जाऊ दे ना यार. सोडून दे."

सुलेखानं नोटीस दोनदा वाचली. तिचा अर्धा जन्म नियमांची भाषा तपासण्यात गेला होता.

"हद्दीत *सुरू* करायची नाही असं लिहिलंय. *ढकलायची* नाही असं कुठे लिहिलंय?"

दुसऱ्या दिवसापासून कॉलनीनं एक नवं दृश्य पाहिलं. ऑगस्टमधली टेक्सासची सकाळ, सात वाजताच अंगाला शर्ट चिकटवणारी. सुलेखा एका हातानं स्टीअरिंग धरून उघड्या दाराशी खांदा लावलेली, आणि मागे टाय खांद्यावर टाकून तेल कंपनीचा सीनियर इंजिनियर पामची स्टेशन वॅगन ढकलतोय. कारंज्याशेजारची कॉलनीची कमान ओलांडली की सुलेखा किल्ली फिरवायची आणि तळणाचा ढग सोडून निघून जायची.

"आज माझ्या ऑफिसातला हेंडरसन गाडी थांबवून मदतीला आला," एका संध्याकाळी दिगंबर पाठ चोळत म्हणाला. "विचारत होता, गाडीला झालंय काय? मी म्हटलं, इंजिनमधलं ऑइल गेलंय."

"खोटं कशाला बोललास?"

"नोकरी आहे म्हणून!"

"मैल किती उरलेत विचारशील तर सांगते. बाकी मला काही विचारू नकोस." सुलेखा खरंच चिडली होती. "तिकडे एक अख्खा देश स्वतःच्या झाडांवर गाड्या चालवू म्हणतोय. आणि इकडे एक माणूस म्हणतो, वास येतो! मी नाही थांबणार."

सुनावणी सप्टेंबरमधल्या एका गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला कॉलनीच्या क्लबहाउसमध्ये ठेवली होती. नेमके त्याच दिवशी त्या देशाच्या कमिटीचे डॉ. रहमान चाचणी पाहायला ह्यूस्टनला उतरले. सडपातळ, साठीचे, अतिशय नम्र गृहस्थ. लॅबऐवजी त्यांना क्लबहाउसमध्ये का नेतायत, हे दिगंबरनं विमानतळावरून येताना समजावून सांगितलं. "इंटरेस्टिंग," एवढंच ते म्हणाले आणि मागच्या रांगेत बसले.

असोसिएशनच्या कमिटीचे तेरा सभासद टेबलामागे बसले होते. निकालाला किमान नऊ जण लागत. सभासदांना प्रत्यक्ष पुरावा मिळावा म्हणून प्रूइटनीच गाडी दारासमोर आणवली आणि स्वतःच्या हातानं किल्ली फिरवली. दार सताड उघडं होतं. गाडी घुरघुरत राहिली आणि वास हळूहळू आत पसरला.

"हा तो उपद्रवी वास," प्रूइट म्हणाले. "मिसेस कर्णिक, तुम्हाला काही म्हणायचंय?"

सुलेखा उभी राहिली. माफी मागावी असं दिगंबरनं सकाळपासून तीनदा सुचवलं होतं. त्याच्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

"माझं कामच स्टँडर्ड लिहिण्याचं आहे," ती म्हणाली. "काय मोजायचं, कशानं मोजायचं आणि किती चालेल, या तीन गोष्टी नसतील तर तो नियम नाही, नुसतं मत आहे. तेव्हा आधी सांगा, हा वास कशाचा आहे?"

"फ्रेंच फ्राइजचा," प्रूइट म्हणाले.

"छे, डोनट्स!" कोषाध्यक्ष बाई म्हणाल्या.

"डोनट्स? ही सरळसरळ तळलेली कॅटफिश आहे," कोपऱ्यातले एक वयस्कर गृहस्थ खुर्चीत ताठ होत म्हणाले. "माझी आई करायची तशी. वर मक्याच्या पिठाचं कव्हर."

"कशाचा ते ठरवून रेकॉर्डवर घ्या," सुलेखा म्हणाली. "मग मी उत्तर देते. उगाच कशाचाही गुन्हा मी मान्य करणार नाही."

प्रूइटनी मतदान घेतलं. डोनट्सला पाच, फ्राइजला चार, कॅटफिशला तीन. एक बाई तटस्थ राहिल्या, त्यांना कांद्याच्या रिंग्ज वाटत होत्या. मग बहुमत म्हणजे निम्म्याहून जास्त की सगळ्यांत जास्त, यावर वाद सुरू झाला. सुलेखा मधूनमधून शांतपणे विचारत होती, "किती फुटांवरून? वारा कुठल्या दिशेला? नाक कोणाचं धरायचं?" घड्याळात सव्वासात झाले. सभासद कामावरून थेट आले होते, कोणीच जेवलं नव्हतं, आणि वास आता खोलीच्या छतापर्यंत भरला होता.

कॅटफिशवाले गृहस्थ पहिले उठले. "पाच मिनिटांत येतो," ते म्हणाले आणि हॅट घेऊन गेले. त्यांच्यामागोमाग कोषाध्यक्ष बाईंना घरी ओव्हन चालू राहिल्याचं आठवलं. मग दोघं-दोघं करून आणखी चौघं उठले. बाहेर गाड्या सुरू होण्याचे आवाज येत होते, आणि त्या घरांच्या दिशेला नाही, तर हायवेवरच्या हॅम्बर्गरवाल्याच्या दिशेला वळत होत्या. कांद्याच्या रिंग्जवाल्या बाई जाताना सुलेखाच्या कानाशी म्हणाल्या, "हनी, आय ॲम सो सॉरी," आणि धावल्याच.

प्रूइटनी मान वर केली तेव्हा टेबलामागे सहा जण उरले होते.

"कोरम नाही," सेक्रेटरी पुटपुटला.

"मग निकाल?"

"पुढच्या मीटिंगला. नोव्हेंबरमध्ये."

"आणि नोटीस?" सुलेखानं विचारलं.

सेक्रेटरीनं नियमावली चाळली. त्याचंही लक्ष दाराकडेच होतं. "सुनावणीत निकाल लागला नाही तर… ती रद्द होते, मॅम. मी जाऊ?"

प्रूइट एकटेच टेबलाशी बसून राहिले. त्यांच्या पोटातून आलेला आवाज मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेला.

बाहेर आल्यावर डॉ. रहमान इतका वेळ दाबलेलं हसू आवरेनासं होऊन गाडीच्या बॉनेटवर हात टेकून हसले. मग चष्मा पुसत म्हणाले, "आमच्या कमिटीतही असेच तेरा जण आहेत. तुम्ही मला आकडे द्या, मिसेस कर्णिक. भांडायचं कसं ते मी आज शिकलोय."

ते आकडे पुढे खरोखरच कामी आले. पामच्या डिझेलसाठी त्या देशानं स्वतःचं वेगळं स्टँडर्ड केलं, दाटपणाची मर्यादा सुलेखाच्या चाचणीवरून ठरली, आणि वासाबद्दल त्यात एक अक्षरही घातलं नाही. पण ते बऱ्याच महिन्यांनंतर.

त्याआधी, सप्टेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी, चाचणीचा शेवटचा दिवस उरला असताना, दिगंबर भर दुपारी घरी आला. हातात पुठ्ठ्याचा खोका होता. खोक्यात त्याचा कॉफीचा मग, कॅल्क्युलेटर आणि पंधरा वर्षांच्या नोकरीबद्दल मिळालेलं पेन. सुलेखानं खोक्याकडे पाहिलं.

"आमच्या मजल्यावरचे सगळेच," तो म्हणाला. "हेंडरसनसकट."

ती त्याच्याजवळ जाऊन बसली. मग दिगंबरनं गळ्यातला टाय सोडून खोक्यात टाकला.

"किती मैल राहिलेत?"

"शंभराच्या आतबाहेर. मी जाते संध्याकाळी, तू आराम कर."

"किल्ली दे."

त्या संध्याकाळी पहिल्यांदाच स्टेशन वॅगन दिगंबर चालवत होता. गॅल्व्हस्टनचा रस्ता सोडून तो शहराकडे वळला तेव्हा तो कुठे निघालाय ते सुलेखाला कळलं. ऑफिस सुटायच्या वेळेला तो कंपनीच्या भल्यामोठ्या पार्किंग लॉटमध्ये शिरला, चारही काचा खाली केल्या आणि पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगानं एक फेरी मारली. मग दुसरी. इमारतीतून बाहेर पडणारी माणसं थबकून नाक वर करत होती. काहींनी त्याला ओळखून हात केला. त्यानंही केला, अगदी ऐटीत.

तिसऱ्या फेरीला गेटवरचा गार्ड आडवा आला. रागावलेला नव्हता, भुकेला दिसत होता. खिडकीत वाकून त्यानं विचारलं, "सर, कसला इतका छान वास येतोय हो?"

"कॉम्पिटिशन," दिगंबर म्हणाला आणि त्यानं गिअर टाकला.