छत्रीचं औषध

"बाबा, नुसतं बघायचं. हात लावायचा नाही, औषध द्यायचं नाही. काही म्हणजे काही करायचं नाही!" दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला निघालेल्या मुलीने दारातून तिसऱ्यांदा बजावलं.

तिच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, एका दगडावर, छत्रीच्या आकाराचं मऊ प्रवाळ होतं. घरात त्याला छत्रीच म्हणत. मुलीने ते दोन वर्षं जिवापाड जपलं होतं. मागे तिचा सोनेरी मासा बाबांच्या टॉनिकने दगावला होता. त्यानंतर आज प्रथमच तिने त्यांच्यावर काही सोपवलं होतं, त्यामुळे बाबा सुखावलेही होते आणि धास्तावलेही.

पण माणूस पडला निवृत्त कंपाउंडर! तीस वर्षांत त्यांच्या खिडकीवरून एकही पेशंट रिकाम्या हाताने परतला नव्हता. काही न करणं त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी छत्री मिटली.

"अगं, इकडे ये! हिच्या अंगावर मेणचट पापुद्रा आलाय. बुरशी आहे ही!"

"पोरगी काय सांगून गेली?" शिलाई मशीनवरून मान न उचलता आईने विचारलं.

"पेशंट डोळ्यांदेखत चाललाय आणि मी नुसता बघत बसू?"

"मग तिला फोन करा."

"उगाच घोर लावायचा तिच्या जिवाला! एकच डोस देतो."

मुलीच्या कपाटात प्रवाळांसाठीचं आयोडीन होतं. आईच्या कणकेच्या परातीत टाकीतलं पाणी आलं, त्यात मोजून थेंब पडले आणि छत्री दगडासकट पाच मिनिटं डुंबली. पापुद्रा सुटू लागला. इथे थांबले असते तर प्रश्न नव्हता. पण एक कडा लोंबत राहिली, ती बाबांना बघवेना. त्यांनी चिमट्याने ओढली आणि पापुद्र्याबरोबर अर्धी छत्री हातात आली.

"गेली गं! मी मारली तिला!"

"खाजवून खरूज काढायची हौस भारी," म्हणत आई उठली. पण ओंजळीत तुकडा धरून उभे असलेले बाबा पाहून तिचा आवाज मऊ झाला. "सरका. फाटलेलं शिवायचं काम माझं."

सुईत नायलॉनचा दोरा ओवून तिने तो तुकडा दुसऱ्या दगडावर बांधायला घेतला.

"टाका सैल घाल हं. ताण नको पडायला."

"उंटावरून शेळ्या हाकू नका. परात धरा."

पुढचे दिवस फोनवर बाबा फक्त "आराम करतेय" एवढंच सांगत. कोणाबद्दल, ते मुलीने विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. जेवण मात्र त्यांना गोड लागेना.

मुलगी परतली ती थेट टाकीपाशी. आत दोन छोट्या छत्र्या ऐटीत फुलल्या होत्या.

"बाबा?"

बाबांनी सगळं कबूल केलं, टॉनिकसुद्धा पुन्हा एकदा. मुलगी हसत सुटली.

"अहो, आजारी नव्हतीच ती! कात टाकत होती. चार दिवसांत आपली आपण फुलली असती."

बाबा मटकन खुर्चीत बसले. "म्हणजे मी धडधाकट पेशंट फाडला?"

"फाडलात, पण दोन झाल्या की! मला एवढे दिवस तिला कापून एकीच्या दोन करायचा धीर होत नव्हता." तिने आईने शिवलेल्या छत्रीकडे बोट दाखवलं. "ही आता तुमची. सांभाळाल?"

बाबांचे डोळे भरून आले. त्यांनी खणातून औषधाच्या बाटलीवर लावायची जुनी कोरी चिठ्ठी काढली आणि आपल्या वळणदार अक्षरात लिहून ती काचेवर चिकटवली : 'दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर, काहीही करू नये.'

तेव्हापासून जेवण झालं की ते टाकीसमोर खुर्ची ओढतात आणि हात मांडीखाली दाबून दहा मिनिटं बसतात. एकही डोस चुकवत नाहीत.