विमानात न मावलेले किलो

"हे अठ्ठ्याऐंशी किलो?"

वैमानिक बाईंनी हातातल्या कागदावरून नजर उचलली आणि शिडीकडे पाहिले. शिडीवर बास्केटबॉल संघाचा सगळ्यांत धिप्पाड खेळाडू उभा होता. संघात त्याला 'कपाट' म्हणत. कपाट एक पायरी चढला तशी शिडी कण्हली. दुसरी चढला तसे ते छोटे विमानच त्याच्याकडे किंचित झुकले, जणू त्याला काहीतरी खासगी सांगायचे होते.

"पुस्तिकेत तेवढंच आहे, मॅडम," मॅनेजर म्हणाला.

"कसली पुस्तिका?"

"आम्ही प्रेक्षकांना वाटतो ती. फोटो, उंची, वजन, आवडता रंग."

"रंग राहू द्या. मला खेळातलं काही कळत नाही, किलोतलं कळतं. खरी वजनं आणा. त्याशिवाय पंखा फिरणार नाही."

मॅनेजरने घड्याळ पाहिले. आजवर संघ बसने जायचा. अकरा तास गुडघे हनुवटीला लावून बसलेले खेळाडू मैदानात उतरायचे ते घडीची खुर्ची उघडावी तसे, टप्प्याटप्प्याने. मॅनेजरने तीन बैठका घसा कोरडा केला तेव्हा कुठे अध्यक्षांनी भाड्याच्या विमानाला होकार दिला, तोही असा: "सामन्याला वेळेत पोचलात तर वर्षभर विमान. नाही पोचलात तर संघ बसने आणि तुम्ही कायमचे घरी."

सामना सातला. तिकडच्या धावपट्टीवर दिवे नाहीत, म्हणजे उजेड असेपर्यंत उतरायचे. म्हणजे साडेचारला उडायचे. घड्याळात पावणेचार.

कागद पहिला, म्हणजे पुस्तिका, बाद झाला.

कागद दुसरा: कोचची वही.

"माझ्या वहीत ग्रॅमची चूक सापडणार नाही," कोच म्हणाला. "दर सोमवारी मी स्वतः वजन घेतो. ठरवून दिलेल्यापेक्षा एक किलो जास्त, की एक सामना बाकावर."

मॅनेजरने वही उघडली. बाराही खेळाडूंचे वजन दर सोमवारी, न चुकता, ठरवून दिल्याइतकेच होते. सणासुदीला नाही, आजारपणात नाही, कधीच हललेले नव्हते. मॅनेजरला आधी कौतुक वाटले आणि मग कसेतरी झाले. त्याने कॅप्टनला विमानाच्या चाकामागे ओढले.

"हे कसं काय?"

"टॉवेल अडकवायचा दांडा आहे ना, काट्याच्या वर," कॅप्टन कुजबुजला. "त्याला दोन बोटांनी लटकायचं. सर आकडा बघतात, वर कुठे बघतात?"

"मग खरं वजन कुणाला माहीत आहे?"

"डॉक्टरांना."

कागद तिसरा: डॉक्टरची डायरी. ती डॉक्टरने छातीशी घट्ट धरली होती.

"रुग्णाची माहिती मी देऊ शकत नाही."

"अहो डॉक्टर, वजन म्हणजे काय आजार आहे का?"

"यांच्या बाबतीत होत चाललाय," डॉक्टर म्हणाला आणि डायरी खिशात गेली.

चार वाजून पाच मिनिटे. मॅनेजरकडे आता प्रत्येक माणसाची तीन वजने होती. एक छापलेले, एक लटकलेले आणि एक लपवलेले. शेडमधला सामानाचा काटा आणला तर कोच त्याच्या शेजारी हाताची घडी घालून उभा राहिला. मग काय, काट्यावर चढायच्या आधी एकाचीही बुटाची नाडी बांधून होईना.

"मला बेरीज पाहिजे, माणसं नकोत," वैमानिक बाई कंटाळून म्हणाल्या. "नाव न लिहिता चिठ्ठ्या टाका. पण खरं लिहा. हवेत गेल्यावर मी कुणाची समजूत घालू शकत नाही."

सोळा माणसे, सोळा चिठ्ठ्या, एक टोपी. मॅनेजर चिठ्ठ्या उघडू लागला.

"१०४. बुटांसकट."

"९७, पण त्यात पाणी खूप आहे."

"खरं लिहू का सोमवारचं?"

"तुम्हाला किती चालेल?"

"१३१. सॉरी."

"मी आणि माझ्या शेजारचा मिळून २०३. फोड करू नये ही विनंती."

शंका लिहिलेल्यांकडून पुन्हा चिठ्ठ्या मागवल्या. बेरीज तीनदा केली आणि तीनदा वेगळी आली. चौथ्यांदा, सगळे विमानात चढून बसल्यावर, वैमानिक बाईंनीच केली.

"पंच्याहत्तर किलो जास्त. एक माणूस उतरवा."

सगळ्यांनी मॅनेजरकडे पाहिले. तसे सामन्यात काहीच काम नसलेला हाच होता.

"मी अडुसष्ट," तो घाईने म्हणाला. "मी उतरून भागणार नाही, सात किलो राहतातच."

खरे तर अडुसष्ट हे त्याचे लग्नातले वजन होते. त्यानंतर ते बदलायची त्याला गरज वाटली नव्हती, चिठ्ठीतही.

"मग मालिशवाले काका," कोच म्हणाला. "काका, तुम्ही किती?"

"एकोणऐंशी. आणि माझं खरं आहे," काका पिशवी उचलत म्हणाले. "जातो मी. पण कपाटाचा गुडघा कोण बघणार ते ठरवून ठेवा. तो माझ्याशिवाय वळत नाही."

कपाटाचा चेहरा पडला. काका उतरले. बाईंनी पेन उचलले. चार वाजून एकोणीस मिनिटे. सगळे मॅनेजरच्या मनासारखे झाले होते. विमान वेळेत सुटत होते, तो आत होता, नोकरी वाचत होती. फक्त ते विमान कागदावर होते त्यापेक्षा जड होते आणि हे जगात एकट्या त्यालाच माहीत होते. त्याने खिडकीतून धावपट्टीचे टोक पाहिले. तिथे एक कुंपण होते. ते त्याला मघापेक्षा उंच वाटले.

"मॅडम, थांबा," तो म्हणाला. आवाज त्याचा नव्हताच, कुणा बारीक माणसाचा होता. "मी शहाऐंशी आहे."

विमानातल्या सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या.

"मॅनेजर!" कॅप्टन हरखून म्हणाला. "तुम्ही पण?"

"म्हणजे अठरा वाढले. त्र्याण्णव जास्त," बाई म्हणाल्या. "आता काका उतरूनही चालत नाही."

"काकांना आत घ्या, मी उतरतो. मी तर आता शहाऐंशी आहे ना!"

"तरी सात उरतात."

"असं कसं? मघाशी अडुसष्ट होतो तेव्हाही सातच उरत होते!"

"उरणारच. तुमचे अठरा बेरजेतही वाढले ना."

"मग मी खरं कशाला बोललो?" मॅनेजरने बोटांवर हिशेब मांडला, पुसला, पुन्हा मांडला. आपण अठरा किलोंनी वाढलो आणि जगाला काडीचा फरक पडला नाही, हे त्याच्या डोक्यात शिरेना.

तेवढ्यात शेवटच्या रांगेतून एक लांबलचक हात वर झाला. तो 'बांबू'चा होता. संघातला सर्वांत सडपातळ खेळाडू. नव्वद किलो भरल्याशिवाय खेळवणार नाही, असे कोचने बजावले होते.

"मॅनेजर बोलले म्हणून बोलतो," बांबू म्हणाला. "माझे सात कमी करा. मी त्र्याऐंशी आहे."

"दर सोमवारी नव्वद भरतोस की!" कोच ओरडला.

"चड्डीत डंबेल असतं, सर."

कोच मटकन खाली बसला. त्याला बांबू हलका असल्याचे दुःख जास्त झाले की बाकीचे अकराही असेच काहीतरी करत असतील या शंकेचे, ते कळायला मार्ग नव्हता. बाईंनी मात्र आकडा खोडला, सही ठोकली आणि म्हणाल्या, "बरोब्बर. मॅनेजर, चला, उतरा."

काका चढले, मॅनेजर उतरला. चार वाजून अठ्ठावीस मिनिटांनी विमान धावपट्टीवरून सुटले, कुंपणावरून आरामात गेले आणि ठिपका झाले. मॅनेजर शेडच्या सावलीत सामानाच्या काट्यावर बसला, कारण बसायला दुसरे काही नव्हते. फोन वाजला.

"काय, निघालं का वेळेवर?" अध्यक्षांचा आवाज.

"दोन मिनिटं आधीच, साहेब."

"वा! ठरलं मग, वर्षभर विमान! कसं वाटतंय विमान?"

मॅनेजरने ढगांकडे पाहिले. "एकदम हलकं, साहेब."

"पुढच्या वेळी मीही येतो म्हणतो. एक जागा माझी धरा."

मॅनेजरने खिशातून कोरा कागद काढला. "साहेब, राग मानू नका. आपलं वजन किती?"

पलीकडे अध्यक्षांनी दोनदा घसा खाकरला.

"बहात्तर," अध्यक्ष म्हणाले.

"बरं, साहेब," मॅनेजर म्हणाला आणि कागदावर एकशे दहा लिहिले.