निरभ्रसाहेबांची बदली

हवामानाच्या अंदाजाची अचूकता माणसाच्या बुद्धीवर नव्हे, तर त्याची नेमणूक कुठे झाली आहे यावर अवलंबून असते. हे सत्य खात्याला अद्याप कळवण्यात आलेले नाही.

म्हणूनच वाळवंटातल्या केंद्रावर वर्षानुवर्षे 'आकाश निरभ्र राहील' एवढेच लिहिणारे निरभ्रसाहेब शंभर टक्के अचूक ठरले. (एकदा ढग आला होता. तो वाट चुकलेला असल्याने धरला नाही.) खात्याने त्यांना पदक दिले आणि असा हुशार माणूस वाळूत वाया जाऊ नये, म्हणून समुद्र आणि डोंगर यांच्या बेचक्यातल्या केंद्रावर धाडले. तिथे कचेरीच्या एका खिडकीतून ऊन येई, दुसरीतून पाऊस.

साहेब निर्धास्त होते. त्यांची बायको तर त्याहून. लग्न झाल्यापासून नवऱ्याच्या शब्दावर वाळत घातलेले तिचे एकही कापड भिजले नव्हते. संसारात एवढा भरवसा पुष्कळ झाला. पहिल्याच सकाळी साहेबांनी सवयीने 'निरभ्र' लिहिले. तिने गाद्या गच्चीवर टाकल्या.

"अहो, तुमचं निरभ्र आकाश गादीतून ठिबकतंय," दुपारी ती म्हणाली.

साहेबांनी पवित्रा बदलला. 'काही ठिकाणी ऊन, काही ठिकाणी पाऊस.' हा अंदाज रोज खरा ठरू लागला.

"काही ठिकाणी म्हणजे? आपली गच्ची धरून की सोडून?"

साहेबांनी घराच्या एका खिडकीतून पाहिले, मग दुसरीतून. पदकाकडे पाहायचे टाळले. "खरं सांगू? मला नाही गं ठाऊक."

"मग पंख्याखाली टाकते. एवढं सांगायला काय जीभ झिजत होती?" म्हणत तिने गादीचे दुसरे टोक त्यांच्या हातात दिले.

घरात इतका उपयोगी पडलेला अंदाज साहेबांनी दुसऱ्या दिवशी जनतेलाही दिला: 'दुपारनंतरचे सांगता येत नाही. छत्री जवळ ठेवा.' पाऊस आला. कोणी भिजले नाही. मात्र कचेरीचा फोन थांबेना. (पहिल्या दिवशीच्या चुकलेल्या 'निरभ्र'बद्दल एकही तक्रार नव्हती.) सगळ्यांचे म्हणणे एकच: "चुकीचं सांगा, पण ठाम सांगा! पगार कशाचा घेता?"

साहेबांना वाळवंटात परत पाठवण्यात आले. तिथे ते पुन्हा अचूक आहेत.

त्यांच्या जागी आलेला अधिकारी रोज ठामपणे 'निरभ्र' लिहितो. आज सकाळी तो अंदाज वाचून तुम्ही समाधानाने मान डोलावलीत. फोनवरचा तुमचा आवाज खात्याच्या चांगला लक्षात आहे. दोरीवरचे कपडे तेवढे बघून घ्या.