पाच ते सहा लिफ्ट बंद

आमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी खरात काका माणसाच्या तोंडाकडं बघून बोलत नाहीत, पोटाकडं बघून बोलतात. मी इथं राहायला आलो त्या दिवशी त्यांनी माझा जयभीम घेतला, नजर शर्टाच्या तिसऱ्या बटणावर टेकवली आणि म्हणाले, "बँकेतलं पोट दिसतंय." मी खरोखरच बँकेत होतो.

नोकरीची शेवटची वर्षं काकांनी शेंद्र्याच्या एका कारखान्यात गेटवर आलेला माल तपासला. रिटायर झाल्यावर माल उरला नाही, म्हणून आता ते अख्खं शहर तपासतात. "मला शक हाय" इथून त्यांचं बोलणं सुरू होतं. बिस्किटाच्या पुड्यावर अक्षरं एवढी बारीक का? शक. एका पिझ्झ्यावर दुसरा फुकट का? मोठा शक. लेकरांची मैदानं गेली कुठं आणि हातात मोबाइल आले कुठून, यात कुणाची तरी मिलीभगत आहे याची त्यांना खात्री आहे. लहानपणी त्यांच्या फुलंब्रीजवळच्या गावात एकच ढेरी होती, पाटलाची. आता घरटी एक झाली, पण याला समता म्हणत नाहीत, असं ते बजावतात.

लिफ्टवर त्यांचा विशेष राग. तिनं माणसाचे पाय काढून घेतले म्हणे. त्यामुळं रोज संध्याकाळी पाचला लिफ्टवर 'दुरुस्ती चालू' अशी पाटी लागायला लागली आणि सहाला निघायला लागली, तेव्हा शक मला आला. रोज ठरल्या वेळी एक तास बिघडणारी लिफ्ट मी पाहिलेली नव्हती. मेकॅनिकही कुणाला दिसला नव्हता. काका आमची पोटं परस्पर उतरवताहेत हे उघड होतं. रविवारच्या मीटिंगमध्ये लिफ्टची किल्ली त्यांच्याकडून काढून घ्यायची, असं आम्ही चौघांनी ठरवलं.

पुरावा म्हणून शुक्रवारी मी लवकर आलो आणि पार्किंगमध्ये खांबाआड उभा राहिलो. जेवढा मावलो तेवढा. थोड्या वेळानं बंद लिफ्ट खाली आल्याचा आवाज आला. मी झटकन समोर गेलो. दार उघडलं, तर आत काकांबरोबर काकू होत्या.

मला पाहताच काकू मागं सरकल्या आणि त्यांचा हात वरच्या बटणाकडं गेला.

मागच्या दिवाळीत या लिफ्टमध्ये आम्ही पाच जण होतो. देहानं भारी असलेल्या काकू आत आल्या आणि जास्त वजनाची घंटा वाजली. सगळ्यांनी त्यांच्याकडंच पाहिलं. आधीच्या पाचांकडं कुणी पाहिलं नाही. कुणीतरी हसलं. कुणीतरी कशाला, मीच हसलो होतो. काकू उतरल्या, त्या पुन्हा दिसल्याच नव्हत्या.

"काकू, मी जिन्यानं चाललोय," मी म्हणालो. "तुम्ही या ना बाहेर."

मी तिथून निघालो.

तासाभरानं काका माझ्या दारात आले. आत या म्हटलं तरी आले नाहीत. डॉक्टरांनी काकूंना रोज चालायला सांगितलंय, गुडघे चार मजले उतरू देत नाहीत आणि लिफ्टमध्ये माणूस दिसला की त्या घरात परततात, एवढं त्यांनी फरशीकडं बघत सांगितलं.

"आठ दिवस नुसती खाली यायची अन् तशीच वर जायची," ते म्हणाले. "आज पयल्यांदा लिफ्टच्या बाहेर पाय टाकला तिनं. किल्ली घ्या, पण थोडं थांबून घ्या."

मला स्वतःची फार लाज वाटली. रविवारी किल्लीचा विषय निघाला, तेव्हा मी उभा राहून सांगितलं की लिफ्ट खरंच बिघडते, परवा मीच आत अडकलो होतो. बाकीच्या तिघांनी माझ्याकडं संशयानं पाहिलं.

सोमवारी सव्वापाचला जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर मला दम लागला. कठडा धरून उभा होतो, तेवढ्यात खालून काकूंचा आवाज आला.

"अहो, हात सोडा माझा. आज फाटकापर्यंत जाऊ."